जिप्सीची रॅली-तयारी : साखळी (गोवा) इथल्या शेडमधल्या नोंदी

९ जून

गाडी शेडमध्ये आली. मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसीचे १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन, वर हार्डटॉप. नोंदणी जीए-०४, म्हणजे आमच्या डिचोलीचीच. कागद चोख आहेत का हे यंत्राच्याही आधी पाहिले. स्टेज रॅलीत दोन स्पेशल स्टेजांच्या, म्हणजे वेळ मोजून पळायच्या बंद रस्त्यांच्या, मधला रस्ता सार्वजनिक असतो. तिथे विमा, पीयूसी, क्रमांकपट्टी सगळे लागते आणि सिग्नललाही थांबावे लागते.

गोव्यात जिप्सी उघडून ठेवली की लोकांना चिखल आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी तारेने ओढून काढायचे यंत्र, आठवते. २०१४ पासून इथे भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा भरते, त्यामुळे बघायला येणारा प्रत्येक जण आधी विंच कुठली बसवणार हेच विचारतो. आमचा खेळ वेगळा. आम्हाला नोव्हेंबरअखेर घाटमाथ्यापलीकडे, कर्नाटकातल्या मळ्यांमधल्या मातीच्या रस्त्यांवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पळायचे आहे, आणि तिथे वेळ सेकंदाच्या दशांशात मोजतात. विंच नको, चिखलाचे उंच टायर नकोत, गाडी उचलायचीही नाही.

जिप्सीच का? शिडीसारखी चासी, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जे मोडेल ते दिसते आणि जे दिसते ते रस्त्याच्या कडेला बदलता येते. सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, पण सुटे भाग अजून मिळतात. पाच वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या हरी सिंग यांची नावाजलेली गाडी म्हणजे जिप्सीच, आणि आजही राष्ट्रीय स्पर्धेत जिप्सींची आपसांत वेगळी चुरस असते. बरोबरीच्या गाड्यांशी शर्यत होणार, याहून चांगले काय.

इंजिन कंपनीच्या आकड्यानुसार ८० अश्वशक्तीचे. त्याची ताकद वाढवायला या हंगामात एक रुपयाही घालायचा नाही. कॉम्प्रेशन तपासायचे, सील आणि टायमिंग बेल्ट बदलायचा, बस. पैसा जाईल तो पिंजरा (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारी नळ्यांची चौकट), सीट, सीटचे पट्टे आणि शॉकअप यांत. गाडी पहिल्या स्टेजच्या टोकाला जशी निघाली तशी शेवटच्या स्टेजच्या टोकाला पोचली पाहिजे, हे माझे उद्दिष्ट आणि माझ्या लेखी नवख्या संघाचे दुसरे उद्दिष्ट असूच नये.

१६ जून

आतले सगळे काढले. रबरी चटईखाली ओल होतीच. समोरच्या पाट्याच्या हँगरमागे चासीवर हातोडीने टकटक केले तर एका जागी बद्द आवाज आला. तिथे आतून गंज. बॉडीचे बोल्ट सोडून चेनब्लॉकने बॉडी वर घेतली. आपल्या खाऱ्या हवेत हे काम बॉडी न उचलता करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बॉडीच्या रबरांखालीच पाणी साचून राहते आणि ते वरून कधीच दिसत नाही. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापला, चासीला नवी पट्टी जोडली, झिंक प्रायमर मारला. बंद पोकळ्यांत मेण फवारायचे आहे, पण ते सगळे वेल्डिंग संपल्यावर. मेणाला आच लागली की पेट घेते.

३ जुलै

पिंजऱ्यासाठी नळ्या आल्या. आंतरराष्ट्रीय नियमानुसार नळी थंड ओढलेली आणि बिनजोड हवी, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाची अडीच मिमी जाडीची किंवा ५० ची दोन मिमीची. बाकीच्या नळ्यांना ३८ ची अडीच किंवा ४० ची दोन. आम्ही ५० आणि ४० घेतल्या. ५० ची मीटरला साधारण २.४ किलो भरते, ४० ची १.९. पाण्याची नळी दिसायला तशीच असते, पण तिला लांबीभर शिवण असते, आणि वाकवताना किंवा आपटताना ती शिवणीवर उलते. म्हणून नळीबरोबर ती बनवणाऱ्या कारखान्याचा चाचणी-दाखला मागून घेतला. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरे दुकान बघावे.

वाकवण्यासाठी चोर्ला घाटाने बेळगावला, उद्यमबागेतल्या कारखान्यात. घाटात धुके आणि रस्त्यावर पाणी, जायला अर्धा दिवस गेला. नळी थंडच वाकवायची. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. तापवून वाकवलेली नळी आतून चेपते आणि तिथला पोलादाचा कस जातो. कामगाराने पहिले वळण घेतल्यावर कॅलिपर लावून स्वतःच बघितले आणि मला दाखवले. असा माणूस भेटला की मी निश्चिंत होतो.

२१ जुलै

पिंजरा जोडणे चालू आहे, आणि हे काम घाईत लिहिण्यासारखे नाही.

वेल्डिंग करणारे आमचे मेस्त. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी मेस्त दिवसाला खनिज वाहणाऱ्या टिपरचे हौदे जोडत. साखळी, होंडा, उसगाव या पट्ट्यातल्या कितीतरी शेडांत असे हात होते. काही परगावी गेले, काहींनी खिडक्यांच्या जाळ्या जोडायला घेतल्या. मेस्तांचा हात पाहिला की वाटते, या पट्ट्यात रॅलीच्या गाड्या बांधणारे एक आख्खे गाव उभे राहू शकते. जड पोलादाची समज इथे पिढीभर मुरलेली आहे.

नळीचे टोक दुसऱ्या नळीवर बसवताना माशाच्या तोंडासारखा काप घ्यावा लागतो. तो काप इतका जुळला पाहिजे की वेल्डिंगआधीच नळी हाताने सोडली तरी जागची हलू नये. फट भरून काढण्यासाठी वेल्डिंग नसते, हे मेस्तांचे वाक्य. प्रत्येक दिवशी कामाला लागण्याआधी त्याच नळीच्या तुकड्यांचा एक नमुना जोडायचा, तो कापायचा आणि आत धातू मुळापर्यंत मिसळला आहे का ते बघायचे. पावसात हे फार गरजेचे. वारा आला की जोडाला हवेपासून झाकणारा सीओटू वायू उडून जातो आणि जोडात बारीक छिद्रे राहतात. म्हणून शेडला तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावली. दमट सकाळी जोडाची जागा आधी गॅसच्या ज्योतीने कोरडी करून घेतो.

जिप्सीचा एक मोठा फायदा इथे कळतो. छप्पर निघते. बंद मोटारीत पिंजऱ्याच्या वरच्या जोडांची छताकडची बाजू वेल्डरला दिसतच नाही. त्यासाठी गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोके पाडून पिंजरा खाली सोडावा लागतो. इथे हार्डटॉप बाजूला ठेवला आणि मेस्त स्टुलावर उभे राहून प्रत्येक जोड पूर्ण गोल फिरवून घेत आहेत.

पिंजऱ्याचे पाय कुठे टेकवायचे यावर दोन दिवस वाद झाला. चासीला की बॉडीला? मेस्त म्हणत होते चासीला, जाड आहे म्हणून. पण बॉडी चासीवर रबरांवर बसलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर चासी पिळते. काही पाय चासीवर आणि काही बॉडीवर टेकवले तर ते पिळणे पिंजऱ्यातून बॉडीत उतरते आणि पत्रा फाटतो. शेवटी सगळेच पाय बॉडीवर ठरले. मुख्य पायांखाली ३ मिमी जाडीच्या, १२० चौरस सेंटीमीटरहून मोठ्या पट्ट्या तळाच्या पत्र्याला जोडल्या आणि प्रत्येक पायाला तीन एम-८ (८ मिमी जाडीचे), ८.८ दर्जाचे बोल्ट. मेस्तांना पटले, आणि पटल्यावर त्यांनी पट्ट्यांचे कोपरे स्वतःहून गोल करून घेतले, कारण टोकदार कोपऱ्यापासून चीर सुरू होते.

१९ ऑगस्ट

पाटे. टिपरचे पाटे बांधणारे एक बुजुर्ग होंड्याजवळ अजून भट्टी चालवतात. त्यांच्याकडे जुने संच नेले. त्यांनी एकेक पाटा सुटा केला, उन्हात धरला, बोटाने चाचपला. दोन पाट्यांत सेंटर बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघालेली होती. ते भंगारात गेले. पाट्याला कधी वेल्डिंग करत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

जिप्सीचे मूळ पाटे ओझ्यासाठी कडक असतात. रिकाम्या, हलक्या गाडीत ते चाक जमिनीवर ठेवतच नाहीत. खड्ड्यावरून गाडी उडी मारते आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक ना स्टेअरिंग. म्हणून पाट्यांची संख्या कमी करून लांबी आणि कमान बदलली. नवे पाटे तापवून कमान दिली, तेलात विझवले आणि पुन्हा मंद आचेवर घेऊन ठिसूळपणा काढला. शेवटी टोकांना घासपट्टी लावली, म्हणजे पाट्यावर पाटा सरकताना अडकणार नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागितली आणि त्यांना ती सांगावीही लागली नाही : दुसऱ्या पाट्याचे टोक पहिल्याच्या डोळ्याभोवती, म्हणजे टोकाच्या गोल वळीभोवती, वळवून घेणे. मुख्य पाटा डोळ्याशी तुटला तरी दुसरा अ‍ॅक्सलला धरून ठेवतो. फौजी गाड्यांत आणि टिपरमध्ये ही जुनी पद्धत आहे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, दुसरं कसं करणार?

शॉकअप गॅसचे, एकनळीचे. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र येऊन तापल्यावर फेस होतो आणि दहा किलोमीटरच्या स्टेजमध्ये ते मध्यावरच दम सोडतात. पाटे एकदा बसले की बसले. शॉकअप मात्र पुढेही बदलत, जुळवत राहावे लागतील. तिथेच वेळ मिळतो.

५ सप्टेंबर

चवथीमुळे (गणेश चतुर्थी) शेड बंद होती. मेस्त गावी, मीही गावी. आज पिंजऱ्याला रंग.

७ सप्टेंबर

वायरिंग. हे काम माझ्या मावसबहिणीचे. तीच माझी सहचालक, म्हणजे शेजारी बसून वहीतून पुढची वळणे वाचून सांगणारी, आणि तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे. जुनी वायरिंग तिने दुरुस्त केली नाही, सगळी उपटून काढली. खाऱ्या हवेने तांबे इन्सुलेशनच्या आत हातभर हिरवे झाले होते. “दादा, हे वरून साफ करून उपयोग नाही,” म्हणाली आणि कात्री घेतली.

आता प्रत्येक वायर दोन टोकांना क्रमांक लावून आहे. पंखा, फ्युएल पंप, वायपर आणि दिवे यांना वेगवेगळे रिले, आणि सगळे फ्यूज तिच्या सीटवरून, पट्टा न सोडता हाताशी येतील असे. रात्रीच्या स्टेजमध्ये दिवे गेले तर चालक काही करू शकत नाही. तिलाच करावे लागते.

मुख्य कटऑफ स्विच आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून ओढता आला पाहिजे. बाहेर खूण म्हणून पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज, पाया किमान १२ सेंटीमीटर. पण खूण चिकटवली म्हणजे झाले नाही. नुसती बॅटरी तोडणारा स्विच असेल तर चालू इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर चालतच राहते. म्हणून सहा टोकांचा स्विच घेतला : तो इग्निशनही तोडतो आणि अल्टरनेटरची उरलेली वीज रेझिस्टरमधून गाडीच्या अर्थिंगला सोडतो. इंजिन तीन हजार फेऱ्यांवर ठेवून तिने बाहेरून तार ओढली. लगेच बंद. पुन्हा आतून. बंद.

२० सप्टेंबर

सीट आणि पट्टे. इथे जुना माल घ्यायचा नाही हे ठरलेलेच होते. एफआयए या मोटर-शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५५-१९९९ प्रमाणाच्या सीटची मुदत पाच वर्षे असते, आणि ‘एकदाच वापरलेली’ सीट स्वस्तात देणारे बरेच असतात. अपघातात फायबरला आतून गेलेली चीर कापडाखाली दिसत नाही. नवी घेतली, दोघांसाठी. पट्टे सहा टोकांचे.

सीट गाडीच्या तळाला कशी धरली आहे यावर सगळे अवलंबून. जिप्सीचा तळाचा पत्रा पातळ, म्हणून दोन आडव्या नळ्या पिंजऱ्याच्या पायांपासून पायांपर्यंत टाकल्या आणि ३ मिमीच्या पोलादी ब्रॅकेटवर प्रत्येक सीटला चार एम-८ बोल्ट. खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या नळीला, आडव्या रेषेपासून खाली १० ते २५ अंशांच्या आत. पट्टा फार खाली उतरला तर धडकेत तो खांद्यांना मागे न धरता कण्याला खाली दाबतो. हा कोन मोजून घेण्याऐवजी नजरेने ठरवणारे लोक पाहिले की मला राग येतो.

तिची सीट माझ्यापेक्षा खाली आणि मागे ठेवली. वजन खाली जाते, आणि तिला रस्ता बघायचा नसून वही वाचायची असते. पायांना टेकू म्हणून एक ताटली, त्यावरच हॉर्नचे बटण. डोके जिथे जिथे पिंजऱ्याला लागू शकेल तिथे प्रमाणित पॅडिंग. आम्ही दोघांनी हेल्मेट घालून, पट्टे आवळून, मान सगळीकडे हलवून पाहिली आणि खडूने जागा खुणावल्या. पट्टा कापायची दोन कटर, एकेकाच्या हाताशी. डोळे मिटून हात जातो का ते पाहिले.

४ ऑक्टोबर

बोल्टांचा दिवस. वाचायला कंटाळवाणे वाटेल, पण सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्टेजांच्या मधल्या दुरुस्तीच्या जागी, वेळ संपत असताना याचाच आधार असतो.

जिप्सी जपानी घराण्याची, त्यामुळे तिच्यावर १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांत जवळजवळ सगळे निघते. बाजारात मिळणारा साधा एम-८ बोल्ट मात्र १३ च्या डोक्याचा असतो आणि एम-१० १७ चा. गाडीत इतकी वर्षे कोणी ना कोणी असे बोल्ट घालत आलेले. म्हणजे गाडीखालचा गार्ड काढताना तीन बोल्ट १२ ने निघतात आणि चौथ्यासाठी पेटी शोधायची. सगळे १३ वाले काढले आणि १२ च्या डोक्याचे बसवले. आता गाडीखाली जाणाऱ्याच्या कमरेला चार पाने पुरतात.

यू-बोल्ट, शॅकल, प्रोपेलर शाफ्ट, स्टेअरिंग बॉक्स आणि टायरॉड यांचे प्रत्येक नट टॉर्कवर आवळून त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ नटापासून पृष्ठभागापर्यंत ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. विजेरीने एक फेरी मारली की मिनिटात कळते.

अ‍ॅक्सलच्या श्वासनळ्या रबरी पाइपने वर, बॉनेटखाली आणल्या. तापलेला अ‍ॅक्सल ओहोळाच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मग तेल दुधासारखे पांढरे होते. ब्रेकचे तेलही नवे, डॉट-४. ते हवेतला ओलावा शोषते : कोरडे असताना किमान २३० अंशांना उकळते, ओलावा घेतल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. गोव्याच्या पावसाळ्यातून गेलेले तेल उताराच्या स्टेजवर कोणी वापरू नये.

१२ ऑक्टोबर

खनिजाच्या ट्रकांच्या जुन्या काट्यावर गाडी नेली. काट्याचा टप्पा १० किलोंचा, पण आमच्यासाठी पुरेसा. पुढची चाके, मग मागची, मग सगळी, दोघे आत बसून. पिंजरा मागे झुकल्याने मागचे वजन वाढले होते. सुटे चाक आणि जॅक सीटच्या मागे अगदी जवळ, खाली बांधून घेतले.

२६ ऑक्टोबर

पाऊस थांबला, रस्ता वाळला. ओळखीच्या बागायतदाराने आपल्या काजूच्या बागेतला खासगी रस्ता चाचणीसाठी दिला. वरून जांभा, त्यावर मुरूम. जांभ्याचा थर कठीण आणि वरचा मुरूम सुटा, त्यामुळे पहिल्या फेरीत गाडी घसरते, आणि मुरूम बाजूला झाला की तीच जागा एकदम पकडते. शर्यतीतही आधीच्या गाड्यांनी रस्ता असाच झाडलेला असेल.

जिप्सीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना, नाही. सुट्या मातीवर फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर) चाके थोडी घसरून हिशेब जुळवून घेतात. डांबरावर मात्र तसे होत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. म्हणून पुढची हब लॉक ठेवायची, आणि स्टेज संपून डांबर लागले की लगेच टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर). हे तिने आपल्या वहीत प्रत्येक स्टेजच्या शेवटी लाल अक्षरात लिहून ठेवले, म्हणजे ती ओरडेल आणि मी दांडा ओढेन.

तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेक मारताना खालून ठोका येत होता. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, चासीला तीन रबरांवर टांगलेली असते आणि मध्ये आखूड शाफ्ट. एक रबर उलले होते. तिन्ही बदलली, आणि आणखी तीन सुट्या पेटीत टाकली.

वेग वाढला तशी एका खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरू लागली, स्टेअरिंग हातात टिकेना. अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांचा हा जुना रोग. लोक याला स्टेअरिंग डॅम्पर लावून झाकतात. आम्ही किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते ती, उघडले. बेअरिंगवर पुरेसा ताण नव्हता. स्प्रिंगच्या काट्याने नकल (चाक धरणारा वळता सांधा) ओढून मोजले, शिम (मधल्या पातळ चकत्या) कमी केल्या, पुन्हा मोजले. तोच खड्डा, तोच वेग, आणि आता स्टेअरिंग शांत. डॅम्पर नंतर लावलाच, पण रोग बरा झाल्यावर.

धूळ ही इथली खास. लाल, बारीक, तेलकट. एअर फिल्टरच्या मागे पांढरे फडके पुसून पाहिले, ते पांढरेच निघाले. स्नॉर्केलचे, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीचे, सांधे धरले आहेत.

९ नोव्हेंबर

चाचणी आता गाडीची कमी आणि आमची जास्त. “साठ, उजवा चार आवळतो, आत दगड, डावा तीन लांब.” हे पुढच्या रस्त्याचे वर्णन : अंतर, वळणाची बाजू आणि तीव्रता. मावसबहीण ते वेळेआधी वाचते की उशिरा, एवढ्यावरच सराव. मी वळणात असताना मला पुढचे वळण हवे असते, चालू नाही. काल ती एक ओळ पुढे गेली आणि गाडी पहिल्यांदा सलग वाहिली.

टाइम कंट्रोलची, म्हणजे ठरल्या मिनिटाला पोचायच्या नाक्यांची, वेळही तिच्याकडे. आंतरराष्ट्रीय नियमात उशिराला मिनिटामागे १० सेकंद दंड, पण लवकर पोचलात तर मिनिटामागे पूर्ण मिनिट. लवकर पोचणे सहापट महाग. तिने हे मला तोंडपाठ म्हणायला लावले.

२७ नोव्हेंबर

स्क्रुटिनी, म्हणजे रॅलीआधीची गाडीची तपासणी, झाली. तपासनिसांनी पिंजऱ्याचे पाय आरशाने खालून पाहिले, नळीची जाडी मोजली, सीटच्या आणि पट्ट्यांच्या चिकटपट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या. गाडी ओढायच्या दोन्ही कड्या पिवळ्या आहेत, अपघातानंतर ‘ठीक आहोत’ की ‘मदत हवी’ हे दाखवायचा ओके-एसओएसचा फलक हाताशी आहे, धोक्याचा त्रिकोण आहे. स्विच दोन्हीकडून ओढला, दोन्ही वेळा इंजिन बंद. सहचालकाच्या दारावरच्या नळीला वीतभर पॅडिंग वाढवायला सांगितले. ते बरोबर होते. तिथे तिचे कोपर लागते. पॅडिंग पेटीत होते, तिथेच लावले आणि शिक्का मिळाला.

मेस्तही आले आहेत, सर्व्हिसला. संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या गाड्यांचे पिंजरे हात मागे बांधून एकेक करून पाहिले आणि एका मुलाला त्याच्या जोडातली छिद्रे दाखवून, ती कशी बुजवायची नाहीत तर कापून पुन्हा कशी करायची, हे समजावत बसले.

पिवळ्या रेघा पुन्हा तपासल्या, सगळ्या अखंड. पहिली स्टेज सकाळची, सावलीतली, ओल असेल. टायर २६ पीएसआयवर सोडायचे, दुसऱ्या फेरीआधी पुन्हा मोजायचे.